साताऱ्याचं स्थळ

पिस्कॅटवे, १२ फेब्रुवारी २०२६

प्रिय आश्लेषाताई,

शि. सा. न. वि. वि. याचा फुल फॉर्म मला माहीत नाही, आई पत्राच्या वर टाकायची म्हणून टाकलं. रविवारच्या मराठी शाळेत तू मला पट्टी दाखवून शिकवलंस, त्याचा हा रिझल्ट आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील. आईकडून तपासून घेता येणार नाहीत. का, ते पुढे कळेल.

मेसेज का नाही केला विचारशील. मेसेज तू एका बोटाने उडवशील. कागद फाडायला निदान दोन हात लागतात, तेवढ्यात चार ओळी वाचून होतील.

आम्ही सगळे मजेत. आईचा गुडघा दुखतो आणि ती दुखत नाही म्हणते. बाबा अजून त्याच देशी ग्रोसरीत पोती उतरवतात. मी मागच्या आठवड्यात शाळेत फायर ड्रिलची अनाउन्समेंट प्रिन्सिपलच्या आवाजात केली. बाराशे पोरं थंडीत बाहेर. तीन दिवस डिटेन्शन. प्रिन्सिपल म्हणाला, आवाज मात्र चांगला काढलास.

आवाजाचा विषय निघालाच आहे. पण थांब. आधी चांगलं सांगतो.

मी कॉलेजचे फॉर्म भरले. हो, मी! शाळेत आता कॉलेजचं बघायला मिस डेल्गाडो नावाच्या नवीन बाई आहेत, तुझ्या वेळच्या रिटायर झाल्या. यांना सगळं पाठ आहे. बाकीची पोरं भरतात तो सरकारचा मोठा फॉर्म आपल्याला नाही, त्याला सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. पण न्यू जर्सीचा आपल्यासारख्यांसाठी वेगळा फॉर्म आहे. इथल्या हायस्कूलमध्ये तीन वर्षं काढून पास झालं, की फी इथल्या लोकांचीच लागते आणि स्टेटची ग्रँट पण मागता येते. फक्त लिहून द्यायचं, की जमेल तेव्हा स्टेटससाठी अर्ज करीन. शिवाय काही स्कॉलरशिपवाले पेपर विचारतच नाहीत, निबंध विचारतात.

पेपरवरून आठवलं. बाबांची नोकरी गेली, व्हिसा संपला, तेव्हा ते फोनवर कोणाला तरी म्हणाले, "आपले पेपर गेले." मी लहान. मला वाटलं बाबांची परीक्षा होती. मी विचारलं, "चांगले गेले का?" तू हसून हसून सोफ्यावरून पडलीस. आणि मग हसता हसता रडायला लागलीस, ते मला तेव्हा कळलं नाही.

तुला हा फॉर्म माहीतच आहे म्हणा. तू तो माझ्या आधी सात वर्षं भरला होतास.

तुझं टेक्सासचं विनीतामावशीने आईला सांगितलं. मागच्या जूनमध्ये तिथला असाच फीचा नियम कोर्टात रद्द झाला, तुझी कम्युनिटी कॉलेजची फी एकदम बाहेरच्यांची झाली, आणि तू दोन सेमिस्टर राहिलेली असताना सोडलंस. आता दिवसभर प्लेनोच्या डेकेअरमध्ये दुसऱ्यांची पोरं सांभाळतेस. आई हे सांगताना पोळ्या लाटत होती. एका पोळीवर किती वेळ लाटणं फिरवलं, पार कागद झाला तिचा. बाबा ऐकत होते आणि ऐकत नाही असं दाखवत होते.

ताई, आता सांगतो. मधे थांबू नकोस.

तुझ्या फॉर्मच्या त्या गुरुवारी मी अकरा वर्षांचा होतो. शेजारचा यश आला होता. बाबा रात्रपाळी करून झोपले होते, त्यांचा फोन किचनमध्ये चार्जिंगला होता. तो वाजला. मी यशला डोळा मारला आणि बाबांच्या आवाजात "हॅलो, पुरुषोत्तम हिअर" म्हटलं. तिकडे शाळेतल्या तुझ्या वेळच्या, कॉलेजचं बघणाऱ्या बाई होत्या. उद्या शेवटची तारीख, बाबांची सही राहिलीय, असं काहीतरी सांगत होत्या. मी नीट ऐकलंच नाही. मी म्हटलं, "मॅडम, नो नीड ऑफ कॉलेज. माय डॉटर इज गेटिंग मॅरीड. व्हेरी गुड बॉय फ्रॉम सातारा. फॅमिली हॅज शुगरकेन."

आई त्या आठवड्यात कोणाच्या तरी मुलीच्या साताऱ्याच्या स्थळाबद्दल बोलत होती, तेच तोंडात आलं. यश जमिनीवर लोळत होता. बाई म्हणाल्या, "ओह. काँग्रॅच्युलेशन्स." देशी बाप असंच करणार, असं त्यांना वाटलं असेल. मला वाटलं त्या हसल्या.

सोमवारी तू घरी आलीस. तुझा आवाज मला अजून ऐकू येतो. "बाबा, तुम्ही माझं कॉलेज कॅन्सल केलंत? सही करायची भीती वाटत होती तर तसं सांगायचं! माझं लग्न ठरवलंत? साताऱ्याला?" बाबा टेबलाशी खाली मान घालून बसले. मी फ्रीजच्या मागे होतो. मला एवढंच म्हणायचं होतं, "मी होतो." तोंड उघडलं होतं, खरंच. आवाज आला नाही. सगळ्यांचे आवाज येतात मला.

मग तू प्लेनोला गेलीस. सात वर्षं तू बाबांशी बोलली नाहीस. दिवाळीला येणारं तुझं पार्सल फक्त आई उघडते.

मला वाटायचं, बाबांना काही कळलंच नाही. परवा ते माझ्या फॉर्मवर सही करायला शाळेत आले. पेन मागितलं, सही केली, पाच सेकंदात. गाडीत बसलो. सिग्नलला थांबलो तेव्हा समोर बघत म्हणाले, "साताऱ्याचा मुलगा बरा होता रे. ऊस होता म्हणे."

मी रेडिओ बंद केला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी रविवारी सही केली. सोमवारी सकाळी ड्युटीवरून सरळ शाळेत गेलो, कागद घेऊन. तारीख उलटली होती. त्या बाईंनी लग्नाच्या शुभेच्छा दिल्या. व्हेरी गुड बॉय, म्हणाल्या. घरात असं कोण बोलतं, ते मला कळणार नाही का?"

"मग ताईला सांगितलं का नाही?"

सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, तरी गाडी तिथेच. "तू एवढासा होतास. तिने तुला कायमचं टाकलं असतं. बापावर राग धरून पोरं जगतात, नकुल. आणि सही करायला मी आठ दिवस लावले होते, आपला पत्ता सरकारकडे जाईल म्हणून. तेवढं तर माझंच होतं."

घरी येईपर्यंत मी एकही जोक केला नाही. बाबांनी दोनदा विचारलं, बरा आहेस ना.

मी मिस डेल्गाडोंना तुझं विचारलं. तू इथल्या हायस्कूलची, त्यामुळे इथली फी तुला अजून लागू होईल, असं त्या म्हणाल्या. टेक्सासचे क्रेडिट किती धरतात ते कॉलेज बघेल. ग्रँटसाठी आधी काही दिवस इथे राहावं लागेल बहुतेक, ते त्या नक्की विचारून सांगणार आहेत. त्यांचा नंबर पाकिटात टाकलाय. तुझी खोली तशीच आहे, फक्त माझे बूट तिथे असतात. ते हलवतो.

मला माफ कर असं लिहिलं होतं, खोडलं. ते तू ठरव, आणि वेळ घे, सात वर्षं घे. पण बाबांना एवढे दिवस नको लावूस. त्यांनी तुझं लग्न ठरवलं नव्हतं. त्यांनी सही केली होती. तो कागद अजून त्यांच्या कपाटात आहे, घडी घातलेला, मी काल बघितला.

ते संध्याकाळी सातनंतर घरी असतात. नंबर तोच आहे. वाजला तर मी उचलणार नाही.

तुझा भाऊ, स्वतःच्या आवाजात,
नकुल