त्या रविवारचा अंगठा

२४ सप्टें., रवि.
मिळाली एकदाची वेळ. सकाळी सात ते दुपारी तीन, अख्खी रेडिओ दुर्बीण माझ्या एकटीच्या दीर्घिकांच्या क्लस्टरसाठी. कंट्रोल रूममध्ये मोबाइल बंद ठेवावा लागतो, नाहीतर आपलाच फोन आकाशाच्या वर आवाज करतो. थोड्या थोड्या वेळाने ओळखीच्या एका तेजस्वी ठिपक्याकडे वळायचं, मोजमाप ताडून बघायचं, की परत क्लस्टर.
मधे चहाला बाहेर गेले तेवढ्यात फोन सुरू केला. दादाचे फोटो आलेले. कपाशीचेच असणार. उघडले नाहीत, अंगठा टाकला नि आत पळाले. हा आमचा रोजचा रिवाज. तो पऱ्हाटी पाठवतो, मी अंगठा पाठवते. तेवढ्यात दोघांचंही भागतं.
दोन अँटेना रुसल्या होत्या. बाकी झकास. आज पोटभर जेवले.

२५ सप्टें.
दिवसभर डेटा साफ करणं. कुठल्या टॉवरचा, कुठल्या ट्रकचा गोंधळ शिरलेला असतो, तो वेचून फेकायचा. डोळे गेले.
माझा क्लस्टर साध्या दुर्बिणीतून पाहिला तर शेकडो दीर्घिका गुण्यागोविंदाने बसलेल्या. एक्स-रेत पाहिलं की कळतं, मधला तापलेला वायू पार एका अंगाला लोटला गेलाय. म्हणजे दोन क्लस्टर एकमेकांत घुसले आहेत. मोठे होतात ते असेच, धडकून. त्या धक्क्याची कड रेडिओत दिसायला पाहिजे, पुसट कमानीसारखी. जुन्या नकाशात आहे, पण सर म्हणतात तो यंत्राचा दोषही असेल. माझा सगळा प्रबंध त्या कमानीवर लटकलाय.
दादाला हे एकदा तासभर समजावलं होतं. शेवटी म्हणे, “म्हंजे दोन मोहोळं एकमेकात घुसले म्हन ना.” माझी पानंच्या पानं वाया!

संध्या. ६. वहिनीचा फोन. दादाला काल फवारताना चक्कर आली, रात्रभर उलट्या. खामगावहून अकोल्याला नेऊन राह्यले. निघते.

२६ सप्टें., अकोला
व्हेंटिलेटर. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.
डॉक्टर विचारत होते, नेमकं काय फवारलं. वहिनीला एवढंच माहीत, की गुलाबी अळी आली म्हणून त्याने दोन औषधं आणली. बियाणं बीटीचं, पण अळीला आता त्याचं काही वाटत नाही. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, वारा नाही, ऊन मरणाचं. तोंडाला नुसता रुमाल.
मी म्हटलं, थांबा, त्याने परवा फोटो टाकलेत, त्यात मागे काही दिसेल. उघडले.
कपाशी नाही. दोन बाटल्या, पुढून आणि मागून. मागची सगळी इंग्रजी बारीक अक्षरं. खाली त्याचा आवाज. “सुमे, हे दोन्ही एकाच पंपात चालते का वं? लवकर सांग, पाणी भरून ठेवलं.”
त्याच्या खाली माझा अंगठा.
डॉक्टरांना बाटल्या दाखवल्या. बाकी कोणाला काही दाखवलं नाही. दादाचा मित्र शकीलभाई कॉरिडॉरमध्ये सकाळपासून बसलेला आहे. औषध त्याच्याच दुकानातलं. त्याने विचारलं, काही कळलं का. मी नाही म्हटलं.

२८ सप्टें.
नळी काढली. बोलतोय, हळू.
वहिनी खाली गेली तेवढ्यात म्हटलं, दादा, मी ते ऐकलंच नव्हतं रे. न ऐकता टाकला अंगठा. तो म्हणे, “तुह्या कामाचा दिवस होता. म्याच काऊन इचारलं.”
थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

३० सप्टें.
सकाळी परत श्वास अडकला. नऊ वाजून पाच मिनिटांनी दादा गेला.
लिहवत नाही.

७ ऑक्टो., घरी
शेतात वेचणीच्या बाया येतात. चार बोंडांतलं एक हाती लागतं, बाकी किडकं. वहिनी कोणाला काही बोलत नाही, नुसती वेचते.
भेटायला येणारे माझ्याशी जपून बोलतात. मोठी शास्त्रज्ञ ना मी. आईबाबा गेल्यावर दादाने कॉलेज सोडलं नि मला शिकवलं, हे सगळे मलाच परत परत सांगतात, जसं काही मला ठाऊक नाही. पुण्यात पहिल्या वर्षी ‘मले’ म्हटलं की होस्टेलच्या पोरी हसायच्या. मी फोनवर रडले तर म्हणे, “हासू दे त्याईले. आकाश त्याईच्या बापाचं हाय का?”
मेल्या, मला काय विचारायचं होतं औषधाचं? मी काय फवारणी शिकले का? साधा शर्ट घ्यायचा तरी मला फोटो टाकायचा. सुमी सांगन ते खरं. रागच येतो त्याचा. मग त्या रागाची लाज वाटते.

१३ ऑक्टो.
काल तेरवी झाली. आज गावातली चार माणसं कागद लिहून घेऊन आली. शकीलभाईच्या कृषी केंद्राविरुद्ध तक्रार. दोन औषधं मिसळायला त्यानेच सांगितलं, म्हणून माणूस गेला, परवाना रद्द करा. वहिनीने सही केली. तो काल तेरवीला आला होता, तर त्याला फाटकातूनच परत लावलं. डोक्यावरचा रुमाल नीट करत गेला बिचारा.
मी त्या चौघांना चहा दिला. भित्री आहे मी, पहिल्यापासूनच.

१६ ऑक्टो.
सरांची मेल. नकाशा तयार झाला. कमान आहे! तीच जागा, तोच वाक, आणि बरोबर त्या बाजूला जिकडे एक्स-रेत वायू लोटलेला दिसतो. आता दोष म्हणायची कोणाची टाप नाही.
आणि मग मी काय केलं. फोन घेतला, नकाशा लावला, खाली लिहिलं, “दादा, मोहोळं खरंच घुसलीत,” आणि पाठवून दिलं. हाताला सवय. डोक्याचा काही संबंधच नाही.
आतल्या खोलीत त्याचा फोन वाजला.
आर्याने, माझ्या भाचीने, बाबाचा आवाज ऐकायचा म्हणून तो चार्ज केला होता. पोर शाळेत गेलेली. फोन वहिनीच्या हातात. मी दारातून पाहत होते. तिने नकाशा पाह्यला, काही कळला नसेल, म्हणून बोटाने वर सरकवलं. मग आतून दादाचा आवाज आला. लवकर सांग, पाणी भरून ठेवलं. तिने तो दोनदा लावला.

१७ ऑक्टो.
दिवसभर वहिनी शेतात. संध्याकाळी मागच्या अंगणात भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “हे कोनाले सांगू नका, ताई. आर्या तुमच्यावर जीव टाकते. बाप गेला तिचा. आता आत्याबी जाईन.”
मी म्हटलं, आणि शकीलभाई? तिने पुढचं भांडं ओढलं, राख घेतली. मग म्हणे, त्याचं दुकान उभं राहीन परत, त्याले भाऊ आहेत.
मी वहिनीला विचारलं, तुम्हाला माझा राग नाही येत? “येते,” म्हणाली. “लई येते. पोरीसाठी गिळून राह्यली.”
मी हो म्हटलं. कोणाला सांगणार नाही. तिला दुसरं काय देऊ शकते मी.

२० ऑक्टो., तालुक्याचं एस.टी. स्टँड
खामगावची गाडी अकराला, तिथून पुढे पुणे. सरांना पेपर लिहायची घाई. शकीलभाईचं दुकान स्टँडच्या समोरच. आज अकराला कृषीचे साहेब परवान्याच्या चौकशीला येणार, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मला तर पाठच आहे.
तोंड फिरवून बाकड्यावर बसले होते. त्यानेच पाह्यलं. रस्ता ओलांडून आला, पाण्याची बाटली दिली, आणि थोडं अंतर ठेवून बसला. तब्येत विचारली, अभ्यास विचारला. मग खाली बघत म्हणाला, “मी मना केल्तं त्याले, बेटा. हे दोन मिसळू नको म्हनून. मंग शेतातून फोन आला त्याचा. खुशीत होता. म्हने, सुमीनं हो म्हटलं, आता तू गप बैस. मंग मी गप बसलो. एवढी शिकेल पोरगी, मी काय बोलू.”
म्हणजे याला पहिल्या दिवसापासून माहीत. अकोल्याच्या कॉरिडॉरमध्ये, फाटकातून परत जाताना, सगळ्या वेळेस. मी विचारलं, मग साहेबांना का नाही सांगितलं? गावाला का नाही?
“सांगून तो येते का परत,” म्हणाला. “त्याची तू एकच तं कमाई. मी सांगनार नाही कोनाले. जाय, तुही गाडी लागली.”
उठला नि गेला. मागे वळूनही पाह्यलं नाही.
गाडी खरंच लागली. समोर जीपही आली. साहेब उतरले, शकीलभाईने खुर्ची पुढे केली, रजिस्टर काढून ठेवलं. माझ्याकडे पाठ करून उभा आहे, मुद्दामच. वहिनीला शब्द दिला आहे मी. रस्ता वीस पावलांचा असेल.
कंडक्टर दोनदा ओरडून गेला. आता खिडकीतून मलाच विचारतोय, “बाई, येता का राह्यता?”
मी म्हटलं, थांबा एक मिनिट.