पोहण्याची पिशवी

आई,
तुम्हाला आणि बाळाला झोप लागलीय म्हणून उठवत नाही. दूध उकळून ठेवलंय. मी धाकट्या वन्संना घेऊन पोलीस ठाण्यात चाललेय. हे परस्पर तिकडेच येतील.

पोहण्याचे सर अंगाला नको तिथे हात लावायचे, म्हणून महिनाभर ती तलावावर गेलीच नाही. पोशाख वाटेतल्या नळावर भिजवून आणायची. त्याला क्लोरीनचा वास नाही, हे मी हेरलं आणि मी शहाणीने तिलाच उनाड ठरवलं. चुकलंच माझं.

आज शेजारची छोटी त्याच सरांकडे जाणार हे कळलं, तेव्हा पोरीने त्या छोटीच्या आईसमोर सगळं सांगितलं. आवाजही कापला नाही. सोळाव्या वर्षी माझी तर दातखीळ बसली असती.

"बोभाटा कशाला?" म्हणालात, त्यामागची काळजी कळते मला. पण आल्यावर तिला काही विचारू नका, नुसतं जवळ घ्या.

आणि तिची पोहण्याची पिशवी माळ्यावर टाकलीत, ती खाली काढा. आत्ता चपला घालता घालता म्हणतेय, "वहिनी, मी पुन्हा पोहायला जाणार. तलावावर येणं बंद व्हायचं ते सरांचं."