बाबांना उभं करायचं यंत्र

पुणे, १८ एप्रिल २०१६

प्रिय आईस,
विशाखाचा मनापासून जयभीम.

मी बरी हाय, दोन्ही येळा जेवते. फोनवर तू "समदं ठीक हाय" म्हणून ठेवून देतीस, म्हणून लिहून राहिले.

इथं मी ज्या आजोबांना सांभाळते, त्यांचंबी बाबांसारखं एक अंग गेलंय. पण त्यांना आता उचलावं लागत न्हाई. उभं राहायचं एक यंत्र आणलंय, त्याची दांडी धरून ते सोताच उभे राहतात. पायाखालची थाळी जात्यासारखी फिरवली, की खाटेवरून थेट खुर्चीत. मी नुसता कमरेचा पट्टा धरते.

यंत्र यायच्या आधी आजोबा पाणीच पीत नव्हते. "तुला सारखं मोरीत न्यावं लागतं गं," म्हणाले. बाबाबी दिवसाला एकच तांब्या पितेत ना? टँकर येत न्हाई म्हणून, असं ते तुला सांगतेत.

तुझी कंबर कशी हाय? काखेत हात घालून त्यांना ओढू नको, लुळा खांदा निखळंल. बुद्धजयंतीला तसंच यंत्र घेऊन मी उदगीरला उतरते.

तवर बाबांना म्हणावं, पोटभर पाणी प्या. तुम्हाला उभं करायला लेक येऊन राहिली.

तुझीच,
विशाखा