काळा पडदा, चाळीस बुकिंगं आणि होय महाराजा

रत्नागिरी, मंगळवार

चि. अक्षया हिस,

मामाचे भरघोस आशीर्वाद. तुझी पाठ आता कशी आहे? (दिवसभर बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची पाठच सर्वांत आधी निवृत्त होते, असं मालन म्हणते. मालन म्हणजे आमच्या बर्फ सोसायटीच्या गेटवर लाद्या मोजून देणारी. तिची स्वतःची साठीतही ताठ आहे.) इकडे सगळं ठीक. मामीने तुझ्यासाठी कुळथाचं पीठ दळून ठेवलंय, पण पुण्याला जाणारं खात्रीचं माणूस मिळत नाही.

पत्राचं कारण आमच्या बर्फाच्या बुकिंगांसाठी तू लिहिलेला प्रोग्रॅम. गुणी आहे, वाद नाही. पूर्वी होडी हाकणाऱ्या तांडेलाचा समुद्रातून फोन आला की मी कंप्युटरच्या काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचो, मशीन विचारायचं ‘नक्की?’, आणि मी मोठ्याने ‘होय महाराजा’ म्हणून बटण दाबायचो. (देवळात गाऱ्हाण्याला सगळे म्हणतात ना, तसं. बावीस वर्षांची सवय. हल्ली मामीने भात वाढू का विचारलं तरी तेच तोंडात येतं.) तुझा प्रोग्रॅम मशीनशी परस्पर बोलतो, मध्ये माणूस लागतच नाही. मी शेजारी बसून बघतो. येत्या शनिवारच्या सभेत आमचे अध्यक्ष दादूशेठ विचारणार होते की हा बघणारा गुरुप्रसाद कशाला हवा, आणि माझ्या निवृत्तीला अजून दीड वर्ष आहे. रात्री झोप लागत नव्हती, हे तुला म्हणून सांगतो.

तर झालं असं. बुकिंग अर्धवट ठेवायची आपल्याकडे रीत आहे. होडी समुद्रात असतानाच बर्फ सांगून ठेवायचा आणि ती जेटीला लागेपर्यंत बुकिंग उघडं राहू द्यायचं, रांगेत चप्पल ठेवून चहा पिऊन यावं तसं. मी यादी वाचली की मला कळतं, काशीच्या होडीला आज वारा उलटा आहे, राहू दे तिचं. प्रोग्रॅमला वारा कुठून कळणार? काल दुपारी तीनला उघडी होती ती चाळीसच्या चाळीस बुकिंगं रद्द झाली. चारला होड्या लागल्या. गेटवर पावती निघेना आणि होड्यांत बांगडा ऑक्टोबरच्या उन्हात तापतोय. सगळे ओरडत होते. काशी (होड्या दोन, आवाज चार होड्यांचा) मात्र माझ्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, “नाना, माज्या बर्फाचा काय केलात?” ते मला जास्त लागलं. शेवटी कोणाच्या किती लाद्या ते मालनने तोंडपाठ सांगितलं, बर्फ सुटला, मासळी वाचली. दादूशेठनी तिथेच जाहीर केलं की हा प्रोग्रॅम बंद, पुन्हा काळा पडदा आणि गुरुप्रसाद. लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी गप्प बसलो, जे मला एरवी जमत नाही.

मामी विचारते, दिवाळीला येणार ना?

तुझा,
गुरुप्रसादमामा

ता. क. तुझ्या प्रोग्रॅमने काहीही केलेलं नाही. काशीचं एक बुकिंग चुकून दोनदा पडलं होतं. ते प्रोग्रॅमवर सोडायचं सोडून, आपणही अजून आहोत हे दाखवायला मी काळा पडदा उघडला, ‘रद्द’ लिहिलं आणि पुढे नंबर लिहायचा विसरलो. मशीनने विचारलंही होतं, ‘सगळी चाळीस? नक्की?’ मी न वाचता होय महाराजा.

आणखी एक. कोणी कधी काय केलं याची नोंद तुझ्याकडे राहते म्हणे. दादूशेठ ती मागतील. खोटी कर असं मी म्हणत नाही. फक्त शनिवारची सभा होईपर्यंत थांब. काशीला आणि सभेला ते आधी माझ्या तोंडून कळू दे. मग खुर्चीचं काय व्हायचं ते होवो.

शेवटचं. हे पत्र मालनला वाचून दाखवलं. तिने विचारलं, “धाडताय ना नक्की?” मी नुसतं होय म्हटलं. या वेळी प्रश्न पुरता ऐकला होता.