रुळाकडचं दार

सामात्या, इस्तंबूल
११ मे २०२२

शुक्रान,

सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू केराच्या बादलीकडे नेत असशील तर जरा थांब, कामाचं आहे. पत्ता तुझ्या मावससासूबाईंकडून, अरुस्याककाकूंकडून घेतला. त्यांनी तो इतक्या पटकन दिला, जणू पदरात बांधूनच बसल्या होत्या.

मी बरी आहे. गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे. मार्सेयला समुद्र आहे म्हणे, म्हणजे मासळीचे हाल नसणार. काकूंनी तुझ्याकडचं बाकीही कळवलं. त्याबद्दल पुढे लिहीन.

आता काम. आपल्या घरामागची आगगाडी बंद होऊन नऊ वर्षं होत आली. नवी गाडी समुद्राखालून जाते, तिला काठावरच्या म्हाताऱ्यांची काय पडलीय! मधल्या काळात रुळांवर गवत माजलं, मांजरांनी संसार थाटले, बायका तिथे गालिचे वाळत घालू लागल्या. आता त्या जागेचं सोनं करायचं ठरलंय. एका अंगाने छोटी गाडी पुन्हा धावणार आणि दुसऱ्या अंगाने चालायची वाट, सायकलींची वाट, झाडं, बाकं. सिर्केजीपासून थेट काझ्लीचेश्मेपर्यंत. जिथे पाऊल टाकलं म्हणून बाबांनी आपले कान पिळले, तिथे आता लोकांना हौसेने चालायला बोलावणार आहेत.

मी सकाळी चहा घेऊन वरच्या खिडकीत बसते आणि सगळं बघते. खडी कुठून आली, कुठे चालली, पिवळ्या टोपीवाल्याचं लाल टोपीवाल्याशी का पटत नाही, सगळं मला ठाऊक असतं. शेजारचा हिकमत म्हणतो, "मकबुलेताई, तुम्हाला मुकादमाचा पगार सुरू करायला हवा." द्यावा की, मी कुठे नको म्हणतेय?

इथली झाडं कुठली ठेवायची आणि कुठली काढायची, हे ठरवायला एक मुलगी येते. झेरिन तिचं नाव. शिकलेली आहे पण शिष्ट नाही. परवा तिने खालून हाक मारली.

"मावशी, हे अंजीर तुमचं का?"

"झाड रेल्वेचं, फळं कावळ्यांची," मी म्हटलं.

"मग याला पाणी कोण घालतं?"

"पाऊस."

"पाऊस तुमच्याच घरामागे पडतो वाटतं!"

तिचं बरोबर आहे. आपल्या डाव्या-उजव्या हाताला नुसती कोरडी खडी आणि वाळकं गवत, आणि आपल्या भिंतीशी मात्र हे दणदणीत अंजीर, थेट वरच्या खिडकीपर्यंत. पोरगी वाकून खडी चाळत बसली. म्हणाली, इतर ठिकाणी खडीला तेल-काजळी लागलीय, इथली मात्र स्वच्छ धुतलेली आहे, हे कसं काय? मी म्हटलं, देवाला ठाऊक.

तर सांगायचं हे, की रुळाकडच्या सगळ्या भिंती नव्या करणार आहेत. ज्याला नुसती भिंत हवी त्याला भिंत मिळेल. ज्याला वाटेवर उघडणारं दार हवं त्याला दार आणि दोन पायऱ्या. हिकमतचं म्हणणं भिंत. "चोरांना आमंत्रण कशाला? आणि ते अंजीर आधी तोडायला लावा. अंजीर घराला टेकलं की घर बसतं, माझी आजी सांगायची." आपल्याकडे भिंत केली तर अंजीर जाणारच, मुळं विटांत शिरली आहेत. दार केलं तर तेवढी जागा सोडून भिंत बांधतील आणि झाड वाचेल.

झेरिनने फांद्या बाजूला केल्या. मागे कमान दिसली, विटांनी बुजवलेली. "मावशी, इथे आधीच दार होतं का?"

किटली करपतेय म्हणून मी आत निघून गेले.

बाबांच्या माघारी घर दोघींच्या नावावर आहे, हे तुला माहीत असेल. माझ्या एकटीच्या म्हणण्याने काही होत नाही. दार की भिंत, दोन ओळींत कळव. धाकट्यांना पत्राच्या शेवटी डोळ्यांचे पापे लिहायची रीत आहे, पण ते लिहिलेलं तुला चालेल की नाही ते कळत नाही. म्हणून लिहीत नाही.

मकबुले

*

सामात्या
२३ जून २०२२

शुक्रान,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, चिठोरं. "दार. पण तिथे अंजीर कुठून आलं?" एवढंच. ना सलाम, ना ताई. तरी मी ते काकूंना वाचून दाखवलं, मग घरी येऊन पुन्हा वाचलं. दोन ओळी मागितल्या तर तू दीडच पाठवलीस, पण त्यातली अर्धी चौकशीची आहे. आपण दोघी एकाच आईच्या, दुसऱ्याच्या झाडाचीही चौकशी केल्याशिवाय जेवण जात नाही.

आधी जे मागच्या खेपेला लिहायचं टाळलं ते लिहिते. तुझा गार्बिस वारल्याचं काकूंनी हिवाळ्यातच सांगितलं होतं. मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. आर्मेनियन बायकांच्या रांगेत डोक्यावर रुमाल बांधलेली मी, पण कोणी वळून पाहिलं नाही. तो चांगला होता गं. लहानपणी त्याच्या बापाच्या चपलांच्या दुकानात माझी तुटलेली टाच त्याने फुकट बसवून दिली होती आणि बापाला सांगितलं नव्हतं. हे मी बाबांसमोर कधी बोलले नाही, आता तुझ्यापाशी बोलते. देव तुला धीर देवो. परक्या गावात एकटं घर उघडायचं म्हणजे काय, ते मला इथे बसून कळत नाही असं समजू नकोस.

आता अंजीर. कोणी लावलं याबद्दल तीन मतं आहेत. झेरिन म्हणते पक्ष्याने. हिकमत म्हणतो सैतानाने. अरुस्याककाकू म्हणतात, "मीच! ऐंशी साली गाडीच्या खिडकीतून अंजिराचं देठ थुंकले होते, नेमकं तिथेच." काकूंचं वय बघता वाद घालण्यात अर्थ नाही.

पण पाणी कोणी घातलं, हे मात्र मला माहीत आहे.

तू गार्बिसबरोबर त्या दारातून निघून गेलीस त्या सकाळी आई माझ्या आधी खाली आली. दार उघडं, तुझ्या सपाता उंबऱ्याशी, आणि पहिली गाडी शिट्टी देऊन निघालेली. आई रडली नाही की ओरडली नाही. तिने ओट्यावरचा पितळी वाडगा उचलला, भरला, आणि अनवाणी उंबऱ्यावर जाऊन गाडीच्या मागे पाणी ओतलं. पाण्यासारखी जा, पाण्यासारखी परत ये. सैन्यात निघालेल्या पोरांच्या मागे ओततात, हजच्या बसमागे ओततात, तसंच. मी जिन्यात उभी होते.

दुपारपर्यंत बाबांनी दार बुजवलं. आतून कपाट लावलं. "पोरीने माझ्या चुलीत अंजीर लावलं," एवढं म्हणाले आणि तुझं नाव संपलं. घर उजाड करणाऱ्याला आपल्याकडे असंच म्हणतात, तू काही नवीन ऐकत नाहीस. पण अंजीर खरंच उगवेल असं त्या बिचाऱ्याला कुठे माहीत होतं!

दार गेलं म्हणून आई वर गेली. दुसऱ्या दिवसापासून पहिली गाडी गेली की वरच्या खिडकीतून वाडगाभर पाणी. बाबा खाली न्याहारीला बसलेले असायचे, वर तोंड करून विचारायचे, "काय केलंस गं?"

"भांडं विसळलं."

रोज. थंडीत, बर्फात, रमजानात. इतकी वर्षं ती बाई एकच भांडं विसळत होती. बाबांनी तुझ्या नावावर पाणी सोडलं, आईने तुझ्या मागे पाणी ओतलं, आणि दोघं एकाच ताटातले ऑलिव्ह खायचे. काकू सांगतात, पहिल्या गाडीच्या लोकांना हे पाठ झालं होतं. आपल्या घराजवळ आले की मागच्या डब्यातले लोक खिडक्या लावून घ्यायचे.

हे सगळं मी झेरिनला चहाला बोलावून सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चहा थंड झाला. मग म्हणाली, "पण मावशी, आजींना जाऊन वीस वर्षं उलटली ना? मग त्यानंतर कोण? झाड तर अजून तसंच आहे."

मी म्हटलं, "पाऊस."

पोरगी हसली. मला राग आला. आणखी साखर हवी का विचारलं आणि विषय बदलला.

तुला दार हवंय असं तिला कळवलंय. पुढच्या महिन्यात विटा काढतील.

तुझी,
मकबुले

*

सामात्या
१९ ऑगस्ट २०२२

माझ्या शुक्रान,

तू या खेपेला "ताई" लिहिलंस. बाकी काय लिहिलंस ते मी नंतर वाचलं.

विटा मंगळवारी काढल्या. हे मला नीट लिहायला हवं, नाहीतर तू म्हणशील म्हातारी मीठमसाला लावतेय.

बाबा कसले गवंडी होते ते तुला सांगायला नको. शहराच्या जुन्या तटाची डागडुजी निघाली की त्यांना बोलावणं यायचं. त्यांच्या सांध्यात सुई शिरायची नाही. दुसऱ्याची भिंत वाकडी दिसली तर जेवण कडू व्हायचं त्यांचं. म्हणून मी आधीच बजावलं होतं, "पोरांनो, मोठा हातोडा आणा. ही ज्यांनी बांधलीय त्यांची भिंत पडत नसते." हिकमतही तमाशा बघायला आला होता.

एका मजुराने अंजिराच्या फांद्या बांधून घेतल्या आणि चाचपायला म्हणून एका विटेला हात लावला. वीट हातात आली. दुसरीला लावला, दुसरीही आली. त्याने हातोडा खाली ठेवला. झेरिनने पुढे होऊन सांधा बोटाने खरवडला. सिमेंटचा कण नाही. नुसत्या मातीत बसवलेल्या विटा आणि वरून चुन्याचा पातळ हात, लांबून भिंत भक्कम दिसावी एवढाच. खरं तर ती अंजिराच्या मुळांनीच धरून ठेवली होती.

"हे कोणी बांधलं मावशी?" झेरिनने विचारलं. "नवशिका असणार. बाहेरून एक लाथ मारली असती तरी पडलं असतं."

"नवशिका नव्हता," मी म्हटलं, आणि तिथेच खडीवर बसले. हिकमतने पाणी आणून दिलं.

शुक्रान, ती भिंत ढकलली असती तर पडणार होती. बाहेरून तू, आतून मी, कोणीही. बाबांना ती तशीच बांधायची होती. तोंडाने "उघडा" म्हणवेना, म्हणून हातांनी सांगून ठेवलं. आणि आपण त्यांना इतके मोठे गवंडी समजत होतो, की कोणी हात लावून पाहिलाच नाही.

त्या दिवसापासून मी दुसऱ्याच गोष्टीवर विचार करतेय. ते रोज सकाळी विचारायचे ना, "काय केलंस गं?" मला वाटायचं, संशयाने विचारतात, खवट स्वभाव. आता वाटतं, पाणी ओतून झालं की नाही याची खात्री करून घेत होते. आईने "भांडं विसळलं" म्हटलं की मगच चहाला हात लावायचे. हे मला तेव्हाही दिसत होतं, पण उमगलं आता, सत्तरीला.

आता पावसाचं. पाऊस म्हणजे मी.

आई गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी गाडीची शिट्टी झाली आणि मी वाडगा हातात घेऊन खिडकीत उभी होते. तिने मला सांगितलं नव्हतं. मी तुझ्यावर रागावलेलीच होते. तू गेलीस आणि घरात उरलं ते सगळं माझ्या वाट्याला आलं. आईचं आजारपण, बाबांचं मौन, आणि माझं लग्न, जे त्या गडबडीत मागे पडलं ते पडलंच. हे तुला कधीतरी तोंडावर ऐकवायचं म्हणून मी जपून ठेवलं होतं. पण राग वेगळा आणि पाणी वेगळं. मग गाडी बंद झाली. शिट्टी नाही, तर पाणी ओतायचं कधी? चार दिवस चुकल्याचुकल्यासारखं झालं. पाचव्या दिवसापासून किटलीची वाफ आली की ओतू लागले. कोणामागे ओततेय ते मी स्वतःलाही विचारलं नाही. झेरिनने विचारलं.

तिला आता खरं सांगितलंय. तिने वहीत काहीतरी टिपलं आणि म्हणाली, "अंजीर राहणार. कारण काय लिहू?" मी म्हटलं, "लिही, घराला टेकलं आणि घर बसलं नाही." हिकमतलाही आता दार हवंय. त्याला दोन पायऱ्या पुरणार नाहीत, तीन हव्यात. नाकापेक्षा मोती जड!

दाराची चौकट बसली. मी कपाट हलवून घेतलं. मागे तुझ्या सपाता होत्या, उंबऱ्याशी, जशाच्या तशा. बाबांनी त्या उचलल्या नाहीत, फेकल्याही नाहीत, त्यांच्यापुढे कपाट ठेवलं. मी त्या झटकल्या. घालण्यासारख्या राहिल्या नाहीत, पण टाकणार नाही.

तुझा शेवटचा प्रश्न, "मी आले तर राहायला कुठे?" तू नेमकं काय विचारतेयस ते मला कळलं. मी उत्तर देत नाही. दाराने येऊन बघ.

एक अडचण मात्र आहे. वाट लोकांसाठी उघडली की मला खिडकीतून पाणी ओतता यायचं नाही, कोणा सायकलवाल्याच्या डोक्यावर पडायचं. आणि ही सवय या वयात सुटणारी नाही. म्हणजे आता पाणी दारातून, जाणाऱ्याच्या पाठीमागेच ओतायला हवं. त्यासाठी कोणीतरी त्या दारातून जायला हवं. आणि जायचं तर आधी यायला हवं, हो ना?

अंजिरं पिकली आहेत. कावळ्यांशी माझं भांडण चालू आहे, निम्मी तुझ्यासाठी राखली आहेत. वाडगा भरून उंबऱ्याशी ठेवलाय. तो तू आल्यावर नाही, तू परत निघशील त्या दिवशी ओतीन. तोवर त्याला हात लावत नाही.

दोन्ही डोळ्यांचे पापे,

तुझी ताई