टपालवाटेवर दिलेला शब्द

शनिवार, ९ ऑक्टोबर २००४

पोचलो एकदाचा! घरून, म्हणजे नोव्हायहून, विमान आणि मग भाड्याच्या गाडीने चार तास नुसतं वाळवंट. शंभर वर्षांपूर्वी इथल्या नदीकाठाने खेचरांवरून टपाल जायचं. गाडी वर रस्त्यापाशी लावली आणि खाली नदीकडे तांबड्या कड्यांच्या सावलीतून सात मैल चाललो. टाच सोलली, पण मजा आली.

ही वाट सावनीने दोन वर्षांपूर्वी नकाशावर रंगवून ठेवली होती. दर सुट्टीला मी ट्रिप कॅन्सल केली; कधी प्रोजेक्ट, कधी ग्रीन कार्ड. शेवटी आणलं तिला. अस्थी सॅकमध्ये आहेत. माझ्या बायकोला मी नेहमीच उशिरा वेळ दिला, याची लाज वाटते.

स्वानंदी शेजारच्या प्रतिमाकाकूंकडे आहे. सहा वर्षांची पोर. मंगळवारी घरी येतो असं सांगून निघालोय.

रविवार, १० ऑक्टोबर

आज दहावा. अस्थी नदीत सोडल्या. गुरुजींनी फोनवर सांगितल्याप्रमाणे खडकावर भाताचा पिंड ठेवला. इथले कावळे घारीएवढे. समोर ओळीने बसले, पण एकही शिवेना.

स्वानंदीला नीट वाढवीन म्हटलं. नाही. तुझ्या आईला इकडे आणीन म्हटलं. नाही. दोन तास गेले, ऊन डोक्यावर आलं. मला रडू फुटलं. म्हणालो, सावनी, तुला एकटं नाही ठेवणार गं, आम्ही दोघं येऊ तुझ्याकडे.

लगेच शिवला.

किती बरं वाटलं! हात जोडले आणि परत निघालो. टाच दुखतेय, रात्र वाटेतच काढतो.

सोमवार, ११ ऑक्टोबर

मागे खडीवर पावलं वाजतात. मी थांबलो की एक पाऊल जास्त पडून थांबतात. डावी टाच घासत चालायची तिची सवय. आधी आनंदच झाला, खोटं कशाला लिहू.

मग काल काय बोललो ते आठवलं. आम्ही दोघं. म्हणजे मी आणि स्वानंदी.

मोठ्याने सांगितलं, शब्द मागे घेतो. पोर लहान आहे, सावनी. पावलं जवळ आली.

त्याच दिवशी, दुपारी

गाडीत बसलोय. मागचं दार उघडलं, लागलं. सीटबेल्ट ताणलेला आहे, सीट रिकामी. हळू आवाजात अंगाई चालू आहे, स्वानंदीला म्हणायची तीच. घरी निघायची तयारी झालीय तिची.

मी निघालो तर हीपण येणार. पोरीपर्यंत.

नाही. नदीकडे परत जातो. माझ्यामागे येईल ती. वही इथेच गाडीपाशी ठेवून जाईन, ज्याला मिळेल त्याने प्रतिमाकाकूंना कळवावं—

दोन वर्षं आधी आणायला हवं होतं तुला. चुकलं माझं.

चल, सावनी. आपण दोघंच. तिला राहू दे. मी उतरलो बघ, वही टपावर टेकवून लिहितोय, आता नदीकडेच—

मागचा सीटबेल्ट अजून ताणलेलाच. येत का नाहीस? अगं उतर. सावनी, गाडीतून उतर, तिला नको, मी आहे ना, मी—