दोन्ही याद्यांत नाव नाही

नंदिगड्डे,
ता. २ सप्टेंबर १९२६

रा. रा. भिकाजीराव मेंबरसाहेब यांस,
पुंडलिकाचा नमस्कार, वि. वि. वरची ‘मेंबरसाहेब’ ही अक्षरं वाचून तुमची अक्का म्हणाली की बायकोच्या भावाला साहेब म्हणणारा माणूस भांडण उकरायला बसलेला असतो. तसं काही नाही. निदान अजून तरी नाही.

तुम्ही पाठवलेली कौन्सिलच्या कामकाजाची पुस्तकं रामनगरच्या बाबुराव व्यापाऱ्याच्या गाडीतून सुखरूप पोचली. पानांच्या कडा छापखान्यातून आल्या तशाच जोडलेल्या होत्या, त्या मी चाकूनं एकेक कापतो आहे. तीन वर्षं ही पुस्तकं तुमच्या कपाटात होती आणि उघडण्याचं काम माझ्याकडे आलं, याचा राग मानावा की मान, ते कळत नाही.

ती कशासाठी मागवली ते सांगतो. भात पोटरीला आलं की रानडुकरांसाठी सगळा गाव मिळून कुंपण घालतो, हे तुम्ही पाहिलं आहे. ज्या घरचा माणूस कुंपणाला आला नाही, त्यानं देवळापुढं येऊन सगळ्यांसमक्ष कारण सांगायचं असतं. कारण खरं असलं की तिथंच विषय मिटतो. परवा कुंपणावर नागू गावकरानं मला गाठलं. म्हणाला, मास्तर, मागल्या खेपेला तुमच्या सांगण्यावरनं ह्या भागातल्या मोठ्या खातेदारांची अकराच्या अकरा मतं तुमच्या मेव्हण्याला पडली. आता तीन वर्सं तो त्या सरकारी कुंपणावर कवा आला, कवा न्हाई, ते कोण सांगणार? तुम्हीच शिकलेले हाय. मला नाही म्हणता आलं नाही. शिफारस माझी होती.

म्हणून मी प्रत्येक वेळच्या होकार आणि नकाराच्या यादीत तुमचं नाव शोधून वहीत उतरवतो आहे. दसऱ्यानंतर देवळापुढं ती वही वाचायची आहे. इथल्या लोकांना लागणाऱ्या गोष्टी दोनच निघाल्या. गेल्या वर्षी ऑगस्टात, रानाच्या गार्डाला वॉरंटाशिवाय घरात शिरून झडती घेता यावी, या कलमाला तुम्ही होकार दिला आहे. आणि त्याआधी ४ मार्चला, पेरणीआधी शेत भाजायच्या राबासाठी रानातल्या डहाळ्या तोडायची मोकळीक असावी, हा ठराव पाच मतांनी पडला. त्यात तुमचं नाव होकारात नाही, नकारातही नाही. डहाळ्या तोडल्या म्हणून लखूला दोनदा सुप्याच्या कचेरीत बसवून ठेवलं होतं. तो हेच पहिल्यांदा विचारणार.

तेव्हा लोकांपुढं वाचण्याआधी तुम्हालाच विचारतो. त्या दिवशी तुम्ही कुठं होता?

गिरजा म्हणते, भिकाला लिहा की प्रचारात वेळेवर जेव. लोभ आहेच; तो या पत्रानं उणा होऊ नये.

आपला,
पुंडलिक


हल्याळ,
ता. ९ सप्टेंबर १९२६

तीर्थस्वरूप दाजींस,
भिकाजीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि. पुस्तकं पाठवली तेव्हा वाटलं, दाजींना वाचनाची हौस आहे, पावसाळ्याचे दिवस बरे जातील. आपण माझी हजेरी मांडायला बसाल हे ध्यानात आलं नाही. वकील असून आपल्याच हातानं पुरावा गाडीत चढवून दिला.

४ मार्चला मी तापानं अंथरुणावर होतो. तसंच वाचावं. ऑगस्टचं कलम मात्र, शक्य असेल तर, वाचू नये. ते नुसतं ऐकलं तर वाईट वाटतं, आणि त्यामागं काय काय असतं ते देवळापुढं बसलेल्यांना समजावता येणार नाही. माझ्याविरुद्ध उभे असलेले गृहस्थ कुमठ्याचे नारळबागाईतदार आहेत. त्यांनी तुमचं रान आगबोटीतूनसुद्धा पाहिलेलं नाही. अकरा मतं म्हणजे मोठी गोष्ट नव्हे, पण माझ्या घरच्या माणसानंच माझ्याविरुद्ध वही वाचली, ही गोष्ट अकरा मतांवर थांबत नाही.

रोज दोन-तीन गावं होतात. घसा बसला आहे. अक्काला सांगावं की जेवतो, फक्त वेळेवर नाही. लहान भाऊ समजून सांभाळून घ्यावं.

आपला,
भिकाजी


नंदिगड्डे,
ता. २१ सप्टेंबर १९२६

चि. भिकाजीराव यांस,
अनेक आशीर्वाद, वि. वि. या वेळी साहेब लिहायचं धाडस होत नाही. कारण सांगतो.

तुमचा ताप मी वहीत लिहिला. मग मनात आलं की दुसऱ्याची हजेरी मांडणाऱ्यानं आपलंही पान तपासावं. वीस वर्षं रोजनिशी लिहितो, पण मागची पानं क्वचित उलटतो. गेल्या वर्षीची काढली. ४ मार्च, बुधवार. मी लिहिलं आहे: मंगलचं लग्न निर्विघ्न पार पडलं. मामा मुंबईहून वेळेवर पोचला. मुलीला बोहल्यावर नेताना त्याचे डोळे भरले.

तुम्हाला ताप नव्हता. तुम्ही माझ्या मांडवात होता.

त्याच्या आधीच्या पानांवर आणखी आहे. तुम्ही मला कळवलं होतं की त्या आठवड्यात आपल्या भागाचा एक ठराव येतो आहे, लग्न आठ दिवस पुढं नेता येईल का. मी काय उत्तर दिलं तेही मी मोठ्या समाधानानं उतरवून ठेवलं आहे: कौन्सिलात शंभर माणसं आहेत, मंगलला मामा एकच. ठराव कोणता, हे मी विचारलंसुद्धा नाही. दीड वर्षानं तोच ठराव वाचून, तुम्ही कुठं होता, असं मीच तुम्हाला विचारलं. आणि माझी लाज झाकायला तुम्ही ताप काढलात.

तुमच्या एका मतानं ठराव तरला नसता. हा हिशेब मी तीनदा करून पाहिला, आणि तो करताना स्वतःचाच कंटाळा आला. लखूनं कुंपणाला दांडी मारली तर डुक्कर तेवढ्यानं आत येतंच असं नाही. तरी कारण सांगायला त्याला यावंच लागतं.

गिरजा म्हणते, ते पान फाडा. लग्नाची गोष्ट मांडवातच राहू दे, मंगलच्या सासरी कळलं तर पोरीला ऐकून घ्यावं लागेल. पहिल्यांदाच तिच्याशी दोन दिवस बोलणं बंद आहे. ती समोर ताट ठेवते आणि भिंतीला सांगते की भाकरी गरम आहे.

मी असं ठरवतो आहे: दोन्ही गोष्टी वाचायच्या. डहाळ्यांच्या ठरावापुढं माझं नाव लावायचं. झडतीच्या कलमापुढं तुमचं आहे, तिथं मला काही करता येत नाही. १९ ऑक्टोबरला बैठक आहे. स्वतः येऊ शकाल का?

तुमचा अपराधी,
पुंडलिक


हल्याळ,
ता. ३० सप्टेंबर १९२६

तीर्थस्वरूप दाजींस,
सा. न. वि. वि. येणं जमत नाही. त्या आठवड्यात शिरसी आणि सिद्दापूर आहे, सभा नेमून ठेवल्या आहेत.

लग्नाचं बोलू नये, अशी हात जोडून विनंती. आपण बोलावलं हे खरं, पण निघालो मी. मंगलला कडेवर घेऊन फिरलेला माणूस आहे मी. आपण बोलावलं नसतं तरी बहुतेक निघालो असतो.

ऑगस्टबद्दल आपण एवढं खरं लिहिलंत, तर मीही लिहितो. मागच्या पत्रात मी म्हटलं की त्यामागं काय काय असतं. काही नव्हतं. पावसाळ्यात कौन्सिल पुण्याला भरतं; दुपारची वेळ होती, पुण्याचा पाऊस होता, एकामागून एक कलमं चालली होती. आमच्या बाजूचे लोक मत द्यायला होकाराच्या दाराकडे निघाले, मी त्यांच्यामागून गेलो. कलम मी वाचलं नव्हतं. काय होतं ते आपल्या पत्रावरून कळलं. माणूस विकला गेला असता तर निदान सांगायला गोष्ट झाली असती. मी नुसता उठून गेलो.

दमलो आहे, दाजी. हे पत्र अक्काला वाचून दाखवू नये.

आपला,
भिकाजी


नंदिगड्डे,
ता. २० ऑक्टोबर १९२६

चि. भिकाजीराव यांस,
आशीर्वाद, वि. वि. काल वाचलं. जसं झालं तसं लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून वाढवून ऐकायला नको.

कुंभारवाड्यापासून माणसं आली होती, साठेक असतील. डहाळ्यांचा ठराव वाचला आणि सांगितलं की त्या दिवशी मेंबर नव्हते, कारण मी त्यांना माझ्या मुलीच्या लग्नाला ओढून आणलं होतं. खाली पाहूनच बोललो. वर पाहिलं तर लोक हसत होते. लखू म्हणाला, मग आमी बी त्याच कुंपणाला दांडी मारली की वो मास्तर, त्या दिवशी आमी समदे तुमच्या पंगतीला होतो, आणि मामानं मला आग्रह करकरून जिलबी वाढली, ती मी न्हाई म्हटलो न्हाई. ज्याला दोनदा कचेरीत बसवलं तोच असं बोलल्यावर बाकी काय राहणार? नागू गावकर म्हणाला की लगीन हे खरं कारण हाय, मिटलं. गिरजा बायकांत बसली होती. तिनं डोळ्याला पदर लावला. मला हलकं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. एवढ्या स्वस्तात सुटका मी मागितली नव्हती.

लोक उठायला लागले. मी म्हटलं, अजून एक आहे. काहीजण उभ्याउभ्याच ऐकत राहिले. झडतीचं कलम वाचलं, तारीख वाचली, होकारातलं तुमचं नाव वाचलं.

तेव्हा फुला उठली. म्हादूची विधवा, वरच्या वाडीत एकटी राहते. तिचं मत नाही, तिच्या वाडीतल्या कुणाचंच नाही. ती म्हणाली, शिमग्याच्या आधी गार्ड माझ्या घरात शिरला, चुलीपर्यंत चपला घालून आला, बियाण्याच्या भातात कोपरापर्यंत हात घालून लाकूड धुंडाळलं. मी आरडले, तर म्हणाला कायदा हाय. तो कायदा ह्योच काय? मी म्हटलं, हाच. तिनं विचारलं, मेंबर त्या दिशी तिथं हजर हुते? मी म्हटलं, होते. मग तिनं गिरजेकडं बघून विचारलं, त्या दिशी कुणाचं लगीन हुतं, बाई?

कुणी हसलं नाही. सगळे पुन्हा खाली बसले.

तुमचं पत्र माझ्या खिशात होतं. उत्तर त्यात होतं, पण ते मी वाचून दाखवलं नाही. इथं दुसऱ्याचं कारण दुसऱ्यानं सांगितलेलं चालत नाही, आणि चाललं असतं तरी माझी जीभ उचलली नसती. नागूनं एवढंच सांगितलं की मतांचं मागनं बघू. घरी येताना गिरजा पुढं चालत होती. दारात आल्यावर म्हणाली, भिकाला लिहा.

ते लिहिलं. लोभ राहील असं वाटत असेल तर राहू द्यावा.

पुंडलिक


हल्याळ,
ता. २६ ऑक्टोबर १९२६

तीर्थस्वरूप दाजींस,
सा. न. वि. वि. सोमवारी निघतो. कुळगीला मुक्काम करून मंगळवारी दुपारी पोचेन. इथल्या मंडळींनी वेड्यात काढलं आहे. अकरा मतांसाठी दोन दिवसांची बैलगाडी, आणि विचारणारीला तर मतच नाही, असं म्हणतात. त्यांचा हिशेब बरोबर आहे.

काय बोलायचं ते रोज ठरवतो आणि रोज लांबत जातं. त्यात पुण्याचा पाऊस येतो, पक्ष येतो, चालीरीती येतात. काल रात्रीचं जेवण पुढ्यात असताना ते सगळं खोडलं. कलम न वाचता मी हो म्हटलं, एवढंच उरतं. हे बोलायला एक श्वास पुरतो. त्यानंतर त्या बाईपुढं उभं राहून काय करायचं असतं, ते आपल्या पुस्तकांत कुठं दिलेलं नाही.

तिची वाडी वर आहे म्हणता. तिला देवळापर्यंत खाली बोलावू नये. मीच चढून जाईन. आपण सोबत आलात तर बरं वाटेल, पण बोलू नये.

आपला,
भिकाजी